जुने गोवे एका दिवसात: चर्चांच्या आधी नदीचे उतार पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरहून सहा जण डिसेंबरात येताय, त्यात सत्तरीतले आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुले. मुक्काम पणजीत, पूर्ण दिवस एकच. जुन्या गोव्यातली मध्ययुगीन ठिकाणे आणि लढायांच्या जागा गाईड घेऊन पाहायच्या आहेत. संभाजी महाराजांची स्वारी नेमकी कुठे झाली ते बघायचे आहे आणि जमल्यास दुसऱ्या महायुद्धाचेही काही. हे एका दिवसात होते का, आणि कोणत्या क्रमाने?

होते. मी इथे अनेक वर्षे मराठी मंडळींना फिरवतो, त्यावरून सांगतो: बहुतेक गाईड जी सहल विकतात, तिच्यात तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळणार नाही. बाँ जेजू, से कॅथेड्रल, सेंट कायतान, मग जेवण, मग मंगेशी. चर्चे उत्तम आहेत, बघायचीच आहेत. पण हे शहर का वसले, का वेढले गेले आणि शेवटी का सोडून दिले, हे त्यांच्या आत उभे राहून कळत नाही. जुने गोवे तिसवाडी बेटावर आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा पूर्वेला. शहर घ्यायचे तर पाणी ओलांडायला हवे, आणि ते ओलांडण्याच्या जागा, म्हणजे उतार, ठरलेल्या: बाणस्तारी, गवंडाळी, दिवाडीच्या बाजूचे उतार. १५१० पासून १९६१ पर्यंत आलेल्या फौजांना याच जागा विचारात घ्याव्या लागल्या. म्हणून माझा आग्रह असा की अर्धा दिवस शहराच्या मध्याला द्या आणि अर्धा कडांना.

सकाळी साडेसातला पणजी सोडा. गाडीवाल्याला सांगा, बायपासने नको, रायबंदरच्या बांधावरून ने. पाटोपासून रायबंदरपर्यंतचा हा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारेसच्या काळात, १६३३-३४ मध्ये, दलदलीवर चिरे टाकून बांधला. आज त्यावरून बसगाड्या धावतात. रस्त्यालगत मिठागरे आणि खारफुटी दिसते, आणि तिसवाडीची जमीन किती सखल, किती पाणथळ आहे ते पाहून घेता येते. पुढचे सगळे त्या पाण्यावरच अवलंबून आहे, म्हणून गाईडला पहिले बोलणे इथेच सुरू करायला लावा.

जुन्या गोव्यात पोचल्यावर बाँ जेजूकडे वळू नका. आधी मोंतीच्या टेकडीवर जा, नोस्सा सेन्योरा दो मोंती कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, अंगणात. गाडी बरीच वर जाते, आई-वडिलांना फार चढावे लागणार नाही. कपेल बहुतेक वेळा बंदच असते, त्याचे वाईट वाटून घेऊ नका; तुम्ही टेकडीसाठी आला आहात. इथून झाडीतून डोके काढणारी चर्चे, मागे मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट एका नजरेत येते. कपेलाच्या भिंतीवर एक पोर्तुगीज शिलालेख आहे: मे १५१० मध्ये शहर परत घेताना मुसलमानांच्या तोफा या जागी होत्या, असा त्याचा आशय.

ही १५१० ची गोष्ट इथेच, टेकडीवर सांगायची. आफोंसो दे आल्बुकेर्क फेब्रुवारीत आला. तिमोजाने, म्हणजे होनावरकडच्या एका आरमारी सरदाराने, त्याला सुचवले होते की आदिलशाहीचे लक्ष दुसरीकडे आहे, हीच वेळ आहे. शहर जवळजवळ न लढता पडले. मग विजापूरची मोठी फौज आली आणि मे महिन्यात एका पावसाळी रात्री खाडी ओलांडून बेटावर उतरली. आल्बुकेर्क जहाजांवर पळाला, पण पावसाळा सुरू झाला होता आणि मांडवीच्या मुखावरचा रेतीचा दांडा ओलांडून समुद्रात जाता येईना. ऑगस्टपर्यंत त्याची जहाजे नदीतच अडकून पडली. पणजीहून आणि समोरच्या काठावरच्या रेईश मागूशहून तोफांचा मारा, पोटात अन्न नाही. मासेमारीची ट्रॉलरे आजही पावसाळ्यात बंदरात का बांधून ठेवतात, हे मुलांना विचारा, उत्तराचा एक भाग तोच आहे. आल्बुकेर्क ऑगस्टात सुटला, नोव्हेंबरात परत आला आणि २५ नोव्हेंबरला, सेंट कॅथरीनच्या दिवशी, शहर घेतले. त्यानंतर शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली आणि ती त्याने आपल्या राजाला पत्रातून कळवली. गाईड हा भाग गाळत असेल तर त्याला गाळू देऊ नका. मुले लहान आहेत म्हणून तपशील टाळावा, घटना टाळू नये, असे माझे मत.

टेकडीवरून खाली उतरून पश्चिमेला, मोंते सांतोवर चला. रोझरी चर्च आणि सेंट ऑगस्टीनचा मनोरा जवळजवळ आहेत. रोझरीत पर्यटक कमी जातात, आणि माझ्या मते जुन्या गोव्यातली सगळ्यात बोलकी इमारत हीच. १५४० च्या दशकात बांधलेली, जाड भिंती, कोपऱ्यांना गोल बुरूज. देऊळ आणि गढी यांच्या मधली वस्तू. आल्बुकेर्कने नोव्हेंबरची लढाई इथल्या उंचवट्यावरून पाहिली, अशी पाटी तिथे आहे. म्हणजे मोंतीवर उभे राहिलात तेव्हा तुम्ही आदिलशाही तोफखान्याच्या जागी होता आणि आता पोर्तुगीज सेनापतीच्या. या क्रमाने नेण्याचे कारण एवढेच. आत कातारीना आ पिरो या बाईची कबर आहे, गव्हर्नर गार्सिया दे साची बायको. तिच्यावरची नक्षी गुजराती धाटणीची आहे, चुकवू नका.

सेंट ऑगस्टीनचा मनोरा फोटोंमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. १६०२ मध्ये चर्च पुरे झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने संन्यासी संस्था बंद केल्यावर ते ओस पडले, १८४२ मध्ये छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. उरलेला भाग सुमारे ४६ मीटर उंच आहे. जॉर्जियाची राणी केटेवान १६२४ मध्ये इराणात मारली गेली आणि तिच्या अस्थींचा काही भाग इथे आणून ठेवला होता. या शतकात उत्खननात तो सापडला, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए जुळला आणि २०२१ मध्ये भारताने जॉर्जियाला अवशेष सुपूर्द केले. मुलांना यातला तपासाचा भाग आवडतो. वडिलांना पायऱ्या आणि उंचसखल फरशी त्रासाची वाटली तर बाहेरच्या सावलीत बसवा, मनोरा तिथूनही दिसतो.

आता साडेनऊ-दहा झाले असतील. बाँ जेजूला या. १५९४ ला काम सुरू, १६०५ ला प्रतिष्ठापना. बाहेरून चिरा, म्हणजे जांभा दगड, उघडा दिसतो, कारण विसाव्या शतकात गिलावा काढून टाकला. पूर्वी ही इमारत से कॅथेड्रलसारखीच पांढरी होती आणि पावसाने चिरा झिजतो म्हणून गिलावा परत करावा की नाही यावर इथे अजून वाद आहे. आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव असलेली चांदीची पेटी गोव्यातल्या सोनार-कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली आणि खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्कानाचा ड्यूक कोझिमो तिसरा याने पाठवला, तो १६९८ मध्ये बसला. तुमच्या दृष्टीने या पेटीचे महत्त्व वेगळे आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराज नदीच्या पलीकडे येऊन ठेपले, तेव्हा व्हाइसरॉय कोंदे दे आल्व्होर इथे आला, शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड संताच्या हाताशी ठेवून राज्य वाचवण्याची प्रार्थना केली. अधिकृत आरमार आणि तोफखाना असलेल्या सत्तेचा प्रमुख एका मृतदेहापुढे येऊन राज्य त्याच्या स्वाधीन करतो, यावरून शहराची तेव्हाची अवस्था कळते. दुपारी जुव्याच्या बेटावर जाल तेव्हा हा प्रसंग मनात असू द्या.

डिसेंबरात येताय म्हणून सावध करतो: ३ डिसेंबर हा झेवियरचा फेस्ताचा दिवस आणि त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना. २४ नोव्हेंबरपासून ३ पर्यंत इथे पाय ठेवायला जागा नसते, गाड्या लांब उभ्या कराव्या लागतात. त्यानंतरचा कोणताही दिवस घ्या. रविवार सकाळ टाळा, मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, चालू असतात. शुक्रवारी पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय बंद. गुरुवारी बाणस्तारीचा आठवड्याचा बाजार, म्हणजे तिथे गाड्यांची कोंडी, पण बाजार बघायचा असेल तर तोच दिवस. सोमवार ते बुधवार सगळ्यात बरे. गुडघे आणि खांदे झाकतील असे कपडे सगळ्यांनी घाला.

रस्ता ओलांडून से कॅथेड्रल. १५६२ ला सुरुवात, बांधकाम १६१९ पर्यंत. डावा-उजवा तोल बिघडलेला दिसतो, कारण दोनपैकी एक मनोरा १७७६ मध्ये पडला आणि परत बांधला नाही. याच चौकाच्या बाजूला आदिलशाही सुभेदाराचा वाडा होता, आणि १५६० पासून त्यातच इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचे खटले चालवणाऱ्या कॅथलिक न्यायालयाचे, कार्यालय. मधली काही वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. त्या इमारतीचे आज काहीही उरलेले नाही. गाईड तुम्हाला कुठेतरी बोट दाखवून 'इथेच तळघर' म्हणेल, तेव्हा मान डोलवून पुढे चला. त्याऐवजी रस्त्याच्या कडेला एकटा उभा असलेला काळ्या दगडाचा खांब पाहा, ज्याला लोक हातकातरो खांब म्हणतात. शिक्षा झालेल्यांना बांधण्याचा हा शहराचा खांब. त्याचा दगड मात्र त्याहून जुना, कुठल्यातरी देवळाचा असावा असा आहे.

संग्रहालय सेच्या बाजूलाच, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात. तुम्हाला 'मध्ययुगीन' हवे आहे ना, मग चाळीस मिनिटे इथे द्या. वर व्हाइसरॉयांच्या तैलचित्रांची रांग आहे, तिथे लोक रेंगाळतात. माझी मंडळी मी आधी खालच्या दगडांपाशी नेतो. पूर्वी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या काळातले वीरगळ आहेत, त्यांतल्या काहींवर नौकायुद्ध कोरलेले आहे: वल्ही मारणारे लोक, जहाजावरचे धनुर्धारी, वर स्वर्गात पोचलेला वीर. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी या पाण्यात आरमारे लढत होती, याचा याहून साधा पुरावा नाही. कदंबांची राजधानी आधी चांदोरला, मग जुवारीच्या काठी गोपकपट्टणला होती, म्हणजे आजच्या गोवा वेल्ह्याला. मोबाइलच्या नकाशात जुने गोवे शोधताना 'गोवा वेल्हा' निवडू नका. चालक सरळ तिकडे नेतो आणि दीड तास वाया जातो. तो परिसर सोडून एला, म्हणजे जुने गोवे, मोठे झाले ते पंधराव्या शतकात. १४७२ मध्ये महमूद गवानने बहामनींसाठी गोवे घेतले, मग ते आदिलशाहीत गेले. मध्ययुगीन हिंदू आणि मुसलमानी शहराचे अवशेष थोडे आहेत म्हणून हे संग्रहालय जास्त मोलाचे. आदल्या दिवशी ते उघडे आहे ना, कोणती दालने चालू आहेत, याची चौकशी करून घ्या.

संग्रहालयाच्या मागे सेंट कॅथरीनचे छोटे कपेल. आल्बुकेर्क शहरात शिरला त्या वेशीची जागा म्हणून ते बांधले. पाच मिनिटे पुरेत. तिथून व्हाइसरॉयच्या कमानीकडे चालत या. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिश्कु द गामा व्हाइसरॉय झाला तेव्हा त्याने ही पणजोबाच्या आठवणीखातर उभारली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून तिच्याखालून शहरात येई. नदीकडच्या बाजूला गामाचा पुतळा आहे. शहराकडच्या बाजूला एक स्त्री एका माणसावर पाय देऊन उभी आहे. मुलांना ते शोधायला सांगा. कमान १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे, म्हणून तिचे काही दगड नवे वाटतात. सेंट कायतानच्या आवारातला आदिलशाही वाड्याचा म्हणून दाखवतात तो दरवाजा जाता जाता पाहा. काळ्या दगडाच्या चौकटीवरचे काम देवळाच्या कारागिरांच्या हातचे आहे. कायतानच्या आत जायला वेळ नसेल तरी चालेल.

जेवायला जुन्या गोव्यात थांबू नका. साडेबाराच्या सुमारास गवंडाळीकडे निघा. इथे रस्त्यालगत जुन्या तटाचा तुकडा आणि साव ब्राशच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. फलक वाचला नाही तर झाडीत दडलेली भिंत एवढेच वाटते. हा तट सोळाव्या शतकात शहराच्या बाहेरून, उतारांवर नजर ठेवत, मैलोन् मैल बांधला होता. तुकडे करमळी, गवंडाळी, बाणस्तारी असे विखुरलेले आहेत. सगळे बघण्यात अर्थ नाही, एक पुरे.

इथेच १५७०-७१ च्या वेढ्याची गोष्ट. अली आदिलशहाने अहमदनगरच्या निजामशहाशी आणि कालिकतच्या सामुरीशी संगनमत केले. तिघांनी एकाच वेळी पोर्तुगीजांवर उठायचे ठरले. गोव्यापुढे आदिलशहा स्वतः येऊन बसला. व्हाइसरॉय लुईश दे आताईद याच्याकडे माणसे फार थोडी, पण त्याने एक गोष्ट अचूक ओळखली: बेटाभोवती फिरत्या बोटी ठेवून उतार सांभाळले तर पलीकडची मोठी फौज निरुपयोगी. महिनोन् महिने वेढा चालला आणि आदिलशहा रिकाम्या हाताने गेला. कालव्यातल्या मगरी शत्रू पोहून येऊ नये म्हणून सोडल्या अशी दंतकथा गाईड सांगेलच. मगरी मात्र खऱ्या आहेत, आजही आहेत, बोटीने दाखवायला नेतात.

पूल ओलांडून कुंभारजुवे, मग माशेल. हे गाव देवळांचे. तिसवाडीतून, चोडणातून पोर्तुगीज अमलात हलवलेले देव इथे आणि फोंड्याच्या बाजूला येऊन राहिले. देवकीकृष्णाचे देऊळ चोडणहून आले. आईला दर्शन घडवा, तोवर बाकीच्यांनी बाजारातल्या एखाद्या खानावळीत जागा धरावी. शाकाहारी थाळी आणि नुस्त्याची, म्हणजे माशांची, थाळी दोन्ही मिळतात. दोननंतर संपलेले असते.

जेवून जुव्याला, म्हणजे सांत इस्तेवला. माशेलहून पुलाने जवळच. सात शिरांची लांबट भेंडी पिकवणारे हे बेट तिच्यासाठीच गोव्यात प्रसिद्ध आहे. किल्ला टेकाडावर, ख्रिस्तराजाच्या पुतळ्याजवळ. प्रामाणिकपणे सांगतो, बघायला थोडे आहे: चिऱ्याच्या भिंती, बुरुजाचा भाग, गवत. पण समोर नदी आणि पलीकडे जुन्या गोव्याची बाजू दिसते, आणि त्या अंतराने कोंदे दे आल्व्होरचे पाय का लटपटले ते समजते.

त्याची पार्श्वभूमी अशी. नोव्हेंबर १६८३ च्या सुरुवातीला व्हाइसरॉय स्वतः फौज घेऊन मराठ्यांच्या ताब्यातल्या फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. मराठा सरदार येसाजी कंक आणि त्याचा मुलगा कृष्णाजी किल्ल्यात होते. भिंतीला खिंडार पडले तरी किल्ला पडला नाही, आणि संभाजी महाराज येऊन पोचताच व्हाइसरॉय माघारी फिरला. कृष्णाजी या लढाईत झालेल्या जखमांनी पुढे गेला. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटीचा फायदा घेऊन मराठ्यांची एक छोटी तुकडी जुव्यावर उतरली आणि किल्ला घेतला. राजधानी आता नदीच्या एका पात्रापलीकडे. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय किल्ला परत घ्यायला आला, मार खाल्ला, जखमी झाला आणि जेमतेम निसटला. पळणाऱ्यांतले बरेच पाण्यात बुडाले. पाठलागात महाराजांनी घोडा पाण्यात घातला, भरतीने घोडा वाहू लागला आणि खंडो बल्लाळ चिटणीसाने उडी घालून त्यांना वाचवले, असे बखरीत आहे. तुम्ही ज्या दिवशी जाल त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक मोबाइलवर बघून ठेवा. ओहोटीत पोचलात तर उघडा पडलेला चिखलपट्टा दिसतो आणि रात्रीच्या हल्ल्याची वेळ का तशी निवडली हे सांगावे लागत नाही.

आपल्या मंडळींना इथे आल्यावर गोष्ट जुव्याच्या विजयावर थांबवायला आवडते. मी थांबवत नाही. मराठ्यांच्या फौजा बार्देश आणि साष्टी या पोर्तुगीज मुलखांतही घुसल्या होत्या आणि तिथल्या गावांची लूट झाली. ती गावे गोंयकारांची होती, पोर्तुगीजांची नव्हे. आणि शहर मात्र वाचले, कारण औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन रामघाट उतरला आणि महाराजांना तिकडे वळावे लागले. झेवियरने वाचवले असे कॅथलिक लोक म्हणत आले, मोगलांनी वाचवले असे इतिहासकार म्हणतात. व्हाइसरॉयने मात्र धडा घेतला: हे शहर राखता येत नाही, राजधानी मुरगावला हलवावी असे त्याने ठरवले आणि तिथे कामही सुरू केले. ते पुरे झाले नाही. पुढे रोगराईने जे व्हायचे ते झाले, व्हाइसरॉय आधी जवळच्या पणेलीला, मग १७५९ मध्ये पणजीला गेले आणि १८४३ मध्ये पणजीच अधिकृत राजधानी झाली.

परतताना माशेलहून बाणस्तारीच्या पुलाने तिसवाडीत शिरा. गाडी पुलाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी सुरक्षित उभी करून पाच-दहा मिनिटे कालव्याकडे बघा. इथे फलक नाही, तिकीट नाही, आणि एवढ्या युद्धांशी जोडलेली दुसरी जागा तिसवाडीत नाही. १५१२ मध्ये विजापूरचा सरदार रसूल खान इथल्या गढीत ठाण मांडून होता, आल्बुकेर्कने वेढा घालून ती घेतली, तेव्हाच गोव्यावरची पकड पक्की झाली. १५७०-७१ मध्ये इथे तोफा धडधडल्या. आणि डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज आली तेव्हा पोर्तुगीजांनी वाटेतले पूल उडवले, त्यात बाणस्तारीचाही होता. चारशे वर्षांनंतर बेट राखण्याचा त्यांचा उपाय तोच: पाणी मध्ये ठेवा. तो एक दिवससुद्धा पुरला नाही. १९ डिसेंबरला भारतीय सैनिक पणजीत होते आणि त्याच संध्याकाळी गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हाने शरणागती दिली. लिस्बनहून शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा आदेश होता, तो त्याने पाळला नाही. त्याबद्दल पोर्तुगालमध्ये त्याला लष्करातून काढले.

महायुद्धाचे काय? जुन्या गोव्यात त्याचे काही नाही. ते मुरगाव बंदरात घडले आणि मुरगावला जाऊन-येऊन तुमचा सगळा दुपारचा वेळ जाईल, शिवाय बंदर चालू आहे, आत सोडत नाहीत. म्हणून बाणस्तारीहून सरळ दोनापावलाला जा, साडेपाचपर्यंत पोचा. धक्क्यावरून जुवारीच्या मुखापलीकडे मुरगाव समोर दिसते. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही जर्मन आणि अँफोरा हे इटालियन मालवाहू जहाज तटस्थ पोर्तुगालच्या आश्रयाला इथे येऊन नांगरून बसली. एरेनफेल्सवरच्या गुप्त प्रक्षेपकावरून पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांची खबर जाते असा ब्रिटिशांना संशय होता. उघड हल्ला केला तर तटस्थता मोडल्याचा बोभाटा. म्हणून कलकत्त्याच्या स्वयंसेवक पलटणींतले, बहुतेक वय उलटलेले, नोकरदार गोरे लोक फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या जहाजातून आणले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री, कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, एरेनफेल्सवर चढवले. कप्तान मारला गेला, खलाशांनी जहाज बुडवले आणि बाकीच्या तीन जहाजांच्या लोकांनीही आपापली जहाजे पेटवून बुडवली. ब्रिटिशांनी ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे दाबून ठेवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात याच बंदरात अमेरिकेने आणि जपानने परस्परांच्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल केली: ग्रिप्सहोम आणि तेईया मारू अशा दोन जहाजांवरून हजारो माणसे इकडची तिकडे झाली. बुडालेल्या जहाजांचे आज काही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुले हिरमुसतात.

त्याच धक्क्यावरून डावीकडे बांबोळीची बाजू दाखवा. १८ डिसेंबर १९६१ ला आफोंसो दे आल्बुकेर्क याच नावाची पोर्तुगीज युद्धनौका आपल्या बेटवा आणि बियास या नौकांशी लढली, जबर मार खाल्ला आणि कप्तानाने तिला त्या किनाऱ्याच्या वाळूत घातले. सकाळी त्या माणसाची गोष्ट ऐकलेली असते, संध्याकाळी त्याच्या नावाचे जहाज. मुलांना हा योगायोग मी सांगायच्या आधीच लक्षात येतो.

गाईडबद्दल दोन शब्द. पर्यटन खात्याचे ओळखपत्र असलेला घ्या, पैसे आणि तास आधी ठरवा, आणि फोनवरच विचारा: जुवे आणि बाणस्तारी दाखवाल का? 'तिथे काय आहे बघायला?' असे उत्तर आले तर दुसरा शोधा. मराठीतून सांगणारे मिळतात, मागितले पाहिजेत. पावसाळ्यात कधी याल तर हा क्रम बदला: चिऱ्यावर शेवाळ धरते, मोंतीच्या आणि जुव्याच्या वाटा वडीलधाऱ्यांना धोक्याच्या होतात.

दिवाडी आणि नार्वे मी मुद्दाम घातले नाही. सप्तकोटेश्वराचे कदंबांचे देऊळ मूळ दिवाडीवर होते, पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे हिंदळ्याला, म्हणजे आजच्या नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. शिलालेख दारावर आहे. कमानीजवळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी, पुढे दुसऱ्या फेरीने नार्वे, असा अर्धा दिवस लागतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरला निघणार असाल तर गाडीनेच डिचोलीमार्गे नार्वे करा आणि दोडामार्ग, तिलारी घाटाने वर चढा. १९६१ मध्ये ब्रिगेडियर सगतसिंगांची ५० पॅरा ब्रिगेड दोडामार्गच्या बाजूनेच गोव्यात उतरली होती, आणि शाह आलमची फौज उतरली तो रामघाटही त्याच डोंगररांगेत आहे. घाटाला वळणे तीव्र आहेत, वडिलांना गाडी लागत असेल तर बांद्याहून आंबोलीने जा.